याआ असांतेवांची बंदूक सगळ्यांना माहितीये, त्यांचं आसन कुणाला माहितीये?

8 मार्च जवळ आला की एक चित्र फिरायला लागतं. साठीतली एक बाई, अंगात लढाईचा जाड अंगरखा, हातात लांब बंदूक, आणि खाली लिहिलेलं असतं की ही आफ्रिकेची झाशीची राणी, 1900 साली इंग्रजांशी लढली. मीसुद्धा हे चित्र पुढे पाठवलेलं आहे. पण नंतर या बाईंबद्दल जरा नीट वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की आपण त्यांच्या आयुष्यातले जेमतेम सहा-सात महिने उचललेत आणि उरलेली ऐंशी वर्षं सोडून दिलीत, आणि सोडलेल्या भागातच खरी महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांच्याकडे लढाईच्या आधीपासून एक राजकीय पद होतं, अधिकाराचं आसन होतं, आणि त्यांना हद्दपार केल्यावर इंग्रजांनी त्यांच्यासारख्या सगळ्याच बायकांची ही आसनं कारभाराच्या कागदावर येऊच दिली नाहीत. आज घानामध्ये "बायकांना पारंपरिक प्रमुखांच्या सभागृहात जागा द्या" अशी मागणी होते तेव्हा काही लोक म्हणतात की आमच्या परंपरेत हे बसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, ही परंपरा फार जुनी नाहीये, तिचा बराचसा भाग वसाहतीच्या ऑफिसात तयार झालाय.

आधी बाईंबद्दल. याआ असांतेवा 1840 च्या आसपास बेसेआसे नावाच्या गावात जन्मल्या. आजच्या घानामधलं कुमासी हे आसांते लोकांच्या राज्याचं मुख्य शहर, त्याच्यापासून वीसेक किलोमीटरवर एजिसू आहे, आणि बेसेआसे एजिसूच्या जवळच. त्यांचे भाऊ एजिसूचे प्रमुख होते, त्यांनी बहिणीला तिथली ओहेमा केलं. ओहेमा या शब्दाचं इंग्रजीत भाषांतर करताना "राणी-आई" असा एक शब्द तयार झाला आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. आपण मराठीत राजमाता म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिजाऊ येतात, म्हणजे राजाची आई. ओहेमा राजाची आई असेलच असं नाही, ती बहीण असू शकते, मावशी असू शकते, आजी असू शकते, आणि राजाची बायको तर ती नसतेच. आसांते लोकांमध्ये कुळ आईकडून चालतं, तुम्ही कुठल्या घराण्याचे हे तुमच्या आईवरून ठरतं, त्यामुळे गादीवर कोण बसू शकतो हे ज्या बाईला वंशावळ तोंडपाठ आहे तिलाच नक्की माहिती. म्हणून गादी रिकामी झाली की नाव सुचवण्याचा पहिला हक्क ओहेमाचा. मोठ्या मानकऱ्यांनी तिनं दिलेलं नाव नाकारलं तर ती दुसरं देते, तेही नाकारलं तर तिसरं, आणि तिन्ही नाकारली गेली तरच ते स्वतः नाव पुढे करू शकतात.

तिचं आसन वेगळं, तिचा दरबार वेगळा. नवरा-बायकोची भांडणं, घरातले तंटे, शिवीगाळ, बदनामी अशी प्रकरणं तिच्याकडे यायची. राजाला सगळ्यांसमोर खडसावून सांगायचा अधिकार असलेली व्यक्ती तीच. आणि हे गावपातळीपासून वरपर्यंत होतं, प्रत्येक मोठ्या गावाला प्रमुख म्हणजे ओहेने आणि त्याच्या जोडीला ओहेमा, आणि सगळ्यात वर कुमासीत आसांतेहेने आणि आसांतेहेमा. म्हणजे राज्यकारभाराच्या प्रत्येक पायरीवर दोन आसनं होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे यातलं एकच मोजलं गेलं.

मी हे काही सुंदर सोनेरी काळ होता असं सांगत नाहीये. आसांते राज्यात गुलामगिरी होती, ओहेमा राजघराण्यातलीच असायची, सामान्य शेतकरी बाईला तिथं पोचता येत नव्हतं, आणि पाळी असलेल्या बाईवर तिथेही बंधनं होती, त्यामुळे पाळी गेलेल्या वयातल्या बाईला राजकारणात जास्त मोकळीक मिळायची. हे सगळं मान्य. पण "स्त्रिया सत्तेत नव्हत्याच" हे वेगळं विधान आहे आणि ते खोटं आहे.

1894 मध्ये भाऊ वारला तेव्हा याआ असांतेवांनी ओहेमा म्हणून आपला हक्क वापरला आणि स्वतःच्या नातवाला, कोफी तेनेला, एजिसूच्या गादीवर बसवलं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा राजकीय निर्णय कुठला असं मला विचारलं तर मी हाच सांगेन, बंदुकीच्या कितीतरी आधीचा. हे काम ओहेमाचं रोजचं, नियमातलं काम होतं, म्हणूनच त्याचं कुणी चित्र काढत नाही.

वर कुमासीत अजून एक जबरदस्त बाई होती, आसांतेहेमा याआ आक्या. 1883 पासून आसांते राज्यात गादीवरून यादवी चालू होती, पाच वर्षं माणसं मरत होती, आणि त्यातून आपल्या सोळाएक वर्षांच्या मुलाला, प्रेम्पेला, 1888 मध्ये गादीवर आणायचं काम याआ आक्यांनी केलं. इंग्रजांना हे पक्कं ठाऊक होतं की पोराच्या मागे आई आहे. 1896 च्या जानेवारीत इंग्रज फौज कुमासीत शिरली, गोळी न झाडता, कारण प्रेम्पेनं लढायचं नाही असं ठरवलं होतं. गव्हर्नर मॅक्सवेलनं 50,000 औंस सोनं मागितलं, आणि त्याआधी राजा आणि त्याची आई या दोघांनी सगळ्या प्रजेसमोर गव्हर्नरच्या पायाशी वाकायचं असा हट्ट धरला. दोघं वाकले. सोनं तेवढं देता येईना म्हणून राजा, आई, वडील, भाऊ आणि बरेच प्रमुख यांना तिथल्या तिथे अटक करून समुद्रकिनाऱ्याकडे नेलं, तिथून सिएरा लिओन, आणि 1900 मध्ये पार हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. एजिसूचा कोफी तेने पण या अटकेत गेला.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस ज्यांनी पाहिलाय त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणि सुपायालत राणीला 1885 मध्ये मंडालेतून उचललं आणि दुसऱ्या वर्षी आपल्या कोकणात आणून ठेवलं, तो राजा 1916 मध्ये तिथंच गेला. साम्राज्याला राजे मारायचे नव्हते, मारलं की लोक पेटतात, त्यापेक्षा त्यांना अशा ठिकाणी नेऊन ठेवायचं जिथं त्यांची भाषा बोलणारं कुणी नाही आणि पेन्शन सुरू करायची. मी लहानपणी तिथं शाळेच्या सहलीला गेले होते, तेव्हा आम्हाला खिडक्या आणि रंगीत काचा दाखवल्या होत्या, या गावात एक आख्खं राजघराणं तीस वर्षं झिजलं हे कुणी सांगितलं नव्हतं.

नातू गेला तेव्हा एजिसूचा कारभार याआ असांतेवांनी स्वतःकडे घेतला. हे काही बंड नव्हतं, त्यांच्याकडे पद होतं, अनुभव होता, लोक ऐकत होते. मग 28 मार्च 1900 ला गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीत आला, सगळ्या प्रमुखांना समोर बसवून भाषण केलं, की प्रेम्पे परत येणार नाही, दंडाच्या रकमेवरचं व्याज भरा, आणि ते सोन्याचं आसन कुठंय, मी सर्वोच्च सत्तेचा प्रतिनिधी असताना मला या क्षणी त्याच्यावर का बसवलेलं नाही.

हे समजून घ्यायला सोन्याचं आसन म्हणजे काय ते माहिती पाहिजे. आसांते कथा अशी की सतराव्या शतकाच्या शेवटी ओकोम्फो अनोक्ये नावाच्या सिद्ध पुरुषानं ते आकाशातून खाली उतरवलं आणि ते राजा ओसेई तुतूच्या मांडीवर येऊन टेकलं. त्यात सगळ्या आसांते लोकांचा प्राण आहे, मेलेल्यांचा, जिवंतांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही. त्याच्यावर राजासुद्धा बसत नाही, त्याच्यासाठी वेगळी बैठक असते. तर अशा वस्तूवर परक्या माणसाला बसायचं होतं. हॉजसनला ती दुसऱ्या एखाद्या संस्थानाची राजगादी वाटली असेल, त्याला कुणी सांगितलं नाही किंवा त्यानं कुणाला विचारलं नाही, आणि या न विचारण्याबद्दलच मला पुढे बोलायचंय.

त्या रात्री प्रमुखांची गुप्त बैठक झाली, बरेच जण कचरत होते, आणि याआ असांतेवा उभ्या राहून म्हणाल्या की तुम्ही पुरुष जाणार नसाल तर आम्ही बायका जाऊ, अशी गोष्ट सांगतात. ते भाषण आज शाळेत पाठ करतात, पण तो मजकूर त्या रात्री कुणी उतरवून घेतलेला नाही, त्यामुळे शब्दाला शब्द धरू नये. त्या स्वतः बंदूक घेऊन रणात किती उतरल्या यावरही इतिहासकारांचं एकमत नाही. एवढं मात्र नक्की की बंडाचं केंद्र एजिसू होतं, नेतृत्व त्यांच्याकडे होतं आणि इंग्रजही त्यांनाच म्होरक्या मानत होते. एप्रिलपासून कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला, आत गव्हर्नर, त्याची बायको, शिपाई, आश्रयाला आलेले लोक, अन्न संपत आलं, रोगराई झाली. 23 जूनला हॉजसन कसाबसा वेढा फोडून किनाऱ्याकडे पळाला. 15 जुलैला कर्नल विलकॉक्सची फौज पोचली, त्या मोहिमेत आफ्रिकेतल्या इतर वसाहतींतून आणलेले सैनिक होते आणि थोडे शीख सैनिकही होते, म्हणजे एका गुलाम देशाची माणसं दुसऱ्याला गुलाम करायला पाठवली होती. पावसाळा संपेपर्यंत लढाई चालली. 1901 मध्ये याआ असांतेवा पकडल्या गेल्या आणि त्याच वर्षी सेशेल्सला रवाना झाल्या. 1 जानेवारी 1902 पासून आसांते अधिकृतपणे ब्रिटिश वसाहत झाली. सोन्याचं आसन मात्र इंग्रजांना कधीच मिळालं नाही.

चित्र इथे संपतं. मला इथून पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

सेशेल्सच्या माहे बेटावर याआ असांतेवांनी वीस वर्षं काढली. साठीत गेलेल्या बाई ऐंशीच्या झाल्या. तिथं आधीच याआ आक्या होत्या. त्याच बेटावर 1907 मध्ये प्रेम्पेनं आपल्या घराण्याचा आणि देशाचा इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातली वंशावळ, कोण कुणाची मुलगी, कोण कधी कुठून आलं, हे सांगायला आईची स्मरणशक्ती होती. विचार करा, राज्य गेलंय, घर गेलंय, बेटावर चारी बाजूंनी पाणी आहे, आणि त्या बाई अजूनही ओहेमाचं मूळ काम करतायत, वंश लक्षात ठेवायचं काम. याआ आक्या 1917 मध्ये तिथेच गेल्या, याआ असांतेवा 17 ऑक्टोबर 1921 ला. प्रेम्पेला 1924 मध्ये परत जाऊ दिलं, तेही खाजगी नागरिक म्हणून, दोन वर्षांनी फक्त कुमासीचा प्रमुख म्हणून मान्यता दिली. पुढे त्या सगळ्यांच्या अस्थी मायदेशी आणून राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे पुरल्या गेल्या.

आता मधल्या काळात मागे आसांतेमध्ये काय चाललं होतं? इंग्रजांचं धोरण होतं अप्रत्यक्ष राज्य, म्हणजे स्थानिक प्रमुखांना हाताशी धरून त्यांच्याकरवी कर, रस्ते, कोर्ट चालवायचं, स्वस्तात काम होतं. यासाठी प्रमुखांची यादी लागते. ती यादी करणारे अधिकारी व्हिक्टोरियन घरात वाढलेले पुरुष, त्यांनी पुरुष प्रमुख लिहिले, त्यांच्या कोर्टाला कायद्यानं मान्यता दिली, दंड वसूल करायचा अधिकार दिला. ओहेमा यादीत नाही. तिच्या दरबारात लोक जात राहिले, पण तिच्या निकालाला सरकारी वजन नाही, आणि जिथं सरकारी वजन नाही तिथं हळूहळू दंड येत नाही, पैसा येत नाही, माणसं येत नाहीत. हद्दपारीच्या यादीत बायका होत्या, कारभाराच्या यादीत नव्हत्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. त्यांना सत्ता आहे हे इंग्रजांना ठाऊक नव्हतं असं म्हणताच येत नाही, ठाऊक होतं म्हणून तर दोघींना समुद्रापार पाठवलं.

आणि अजून मागे गेलात तर 1831 मध्ये केप कोस्टला आसांते आणि ब्रिटिश यांच्यात तह झाला होता, ब्रिटिशांकडून जॉर्ज मॅक्लीन होता आणि आसांतेकडून बोलणी करून सही करणारी राजकन्या आक्यावा होती. तीच आक्यावा जी 1826 च्या लढाईत शत्रूच्या हाती सापडली होती. एका बाईच्या सहीवर तुम्ही शांतता घेतलीत, आणि सत्तर वर्षांनी म्हणताय की इथं फक्त पुरुषांशी व्यवहार होतो.

1921 मध्ये सरकारनं रॉबर्ट रॅट्रे नावाच्या अधिकाऱ्याला आसांतेच्या चालीरीतींचा अभ्यास करायला नेमलं. हा माणूस भाषा शिकलेला होता आणि म्हाताऱ्या लोकांमध्ये तासन्‌तास बसायचा. इतकी वर्षं इथं राहून बायकांचं राज्यातलं स्थान मला कसं कळलं नाही, असं त्यानं म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांना विचारलं. त्यांनी जे उत्तर दिलं त्याचा सारांश असा, की गोऱ्या माणसानं आम्हाला हे कधी विचारलंच नाही, तुम्ही पुरुषांशीच बोलता, पुरुषांनाच मान्यता देता, आम्हाला वाटलं तुमच्यात बायकांना किंमत नसते, आमच्यात आहे तशी मान्यता तुम्ही देत नाही हे आम्ही पाहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थांबले. वीस वर्षं राज्य केल्यावर हे कळलं, तेही एका माणसानं सहज विचारलं म्हणून. आणि कळल्यावर काय झालं? 1922 मध्ये ब्रिटिश राजकन्या मेरीच्या लग्नाला आसांतेच्या ओहेमांनी चांदीचं आसन भेट पाठवलं, त्याचं कौतुक झालं. म्हणजे ओहेमाचा आहेर लंडनला चालला. 1935 मध्ये आसांतेचा संघ पुन्हा उभा केला, आसांतेहेनेला त्याचं जुनं पद परत दिलं, आणि कारभारासाठी जी परिषद बसली ती पुरुष प्रमुखांची.

याचा सामान्य बाईला काय फरक पडला असं कुणी विचारेल, राजघराण्यातल्या बाईची खुर्ची गेली तर शेतात राबणाऱ्या बाईचं काय गेलं. खूप गेलं. 1911 पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगातला सगळ्यात मोठा कोको पिकवणारा प्रदेश झाला होता. आसांतेमध्ये नवरे कोकोची बाग लावायचे आणि बायका त्यात राबायच्या, आणि कुळ आईकडून चालत असल्यामुळे नवरा मेला की बाग त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जायची, राबलेल्या बायकोच्या हातात काही नाही. ही आईकडच्या वंशाची दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. तर बऱ्याच बायकांनी सरळ हिशोब केला, की लग्नात राबून काही मिळत नसेल तर बाजारात भाजीपाला, धान्य विकून स्वतःचा पैसा करू. आणि मग 1929 ते 1932 या काळात आसांतेमधल्या कितीतरी गावांमध्ये प्रमुखांनी हुकूम काढले की वयात आलेल्या सगळ्या अविवाहित बायकांना पकडा. बायकांना कोंडून ठेवायचे आणि विचारायचे, कुणाशी लग्न करणार त्याचं नाव सांग, मग त्या पुरुषानं यायचं, पैसे भरायचे आणि सोडवून न्यायचं. हे हुकूम देणारे पारंपरिक प्रमुख होते, पण त्यांच्या हातातलं कोर्ट आणि शिपाई हे अप्रत्यक्ष राज्यातून आलेले होते. लग्नाचे तंटे ज्या आसनासमोर जायचे, त्या आसनाला कायद्यानं बाजूला केल्यावर ही ताकद एकट्या पुरुष प्रमुखाकडे उरली. ओहेमाचा दरबार पूर्ण ताकदीत असता तर हे झालंच नसतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्या बायकांना दाद मागायला एक जागा असती हे नक्की.

आणि हे सगळं "आमची चालीरीत" म्हणून चाललं. आपल्याकडे रखमाबाईंच्या खटल्यात हेच झालं होतं. लहानपणी लग्न लावलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं त्या म्हणाल्या, नवरा मुंबईच्या हायकोर्टात गेला, तो ज्या दाव्यानं गेला तो दावाच मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेला, हिंदू धर्मशास्त्रात याला आधार नाही असं न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी अपिलात ते फिरलं, 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा निकाल आला, आणि पुण्या-मुंबईत धर्म वाचला म्हणून आनंद झाला. साहेबाचा कायदा आला आणि आपल्या पुरुषांनी तो आपली परंपरा म्हणून छातीशी धरला. रखमाबाई तुरुंगाला तयार होत्या, पुढे डॉक्टर झाल्या, ती वेगळी आणि मोठी गोष्ट. पण परंपरेच्या नावाखाली काय काय खपतं हे कळायला हे एक प्रकरण पुरेसं आहे.

आसांतेमध्ये बायकांची धरपकड चालू होती तेव्हा नायजेरियातही असंच चालू होतं. इग्बो बायकांच्या स्वतःच्या सभा होत्या, बाजाराचे नियम त्या ठरवायच्या, इंग्रजांनी तिथं पुरुषांना वॉरंट देऊन प्रमुख केलं, आणि 1929 च्या नोव्हेंबरात बायकांवर कर बसणार अशी बातमी आल्यावर हजारो बायका उठल्या, पन्नासहून जास्त बायका गोळीबारात मेल्या. इंग्रजांनी त्याला दंगल म्हटलं, त्या बायका त्याला बायकांचं युद्ध म्हणतात.

आता आजचं. घानाच्या 1992 च्या संविधानात प्रमुख म्हणजे कोण याची व्याख्या आहे, कलम 277, आणि तिच्यात ओहेमासाठी वापरला जाणारा तो इंग्रजी शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे संविधानानुसार ओहेमा प्रमुखच आहे. तरी राष्ट्रीय आणि प्रादेशिक प्रमुखसभागृहांमध्ये पूर्ण सदस्य म्हणून, मतासकट बसायला मिळावं म्हणून त्यांना वर्षानुवर्षं मागणी करावी लागतेय. आत्ताचे आसांतेहेने ओसेई तुतू दुसरे 1999 मध्ये गादीवर आले, त्यांचं नाव पुढे केलं ते त्यांच्या आईनं, आसांतेहेमा नाना आफिया कोबी सेर्वा आम्पेम यांनी. राजा निवडायला बाईचा शब्द चालतो आणि राजांच्या सभागृहात बाईला मत नाही, हे कुठल्या तर्कात बसतं ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

विरोधात दोन मुद्दे येतात. एक, हे पाश्चात्य स्त्रीवादाचं खूळ आहे. याला उत्तर वर आलंय, पाश्चात्य गोष्ट कुठली असेल तर ती बायकांना वगळण्याची आहे. दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, की ओहेमाची ताकद सभागृहाबाहेर आहे, लोकांमध्ये आहे, तिला त्या सरकारी रचनेत ओढलं तर तीही फायलींमध्ये अडकेल, पक्षांच्या राजकारणात सापडेल. घानाच्या मान्या क्रोबो भागात ओहेमांच्या संघटनेनं एड्सनं अनाथ झालेल्या मुलांना घराघरात ठेवून वाढवलं, त्यासाठी त्यांना कुणाचं सभागृह लागलं नाही हेही खरं. पण हा युक्तिवाद पुरुष प्रमुखांना कधी लावला जातो का? त्यांची ताकद पण लोकांमध्ये आहे, ते तर सभागृह सोडत नाहीत. आणि 1985 मध्ये वारसाचा कायदा बदलला, मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेत बायको-मुलांना हिस्सा मिळायला लागला, असे बदल जिथं चर्चेला येतात, चालीरीत काय आहे हे जिथं ठरतं, तिथं चालीरीत सांभाळणारी बाई नको हे कसं चालेल.

आणि नुसत्या जागेनं भागणार नाही, पैशाचंही बोलायला हवं. घानामध्ये पारंपरिक आसनाच्या जमिनींचा जो महसूल येतो त्यातले आधी 10 टक्के प्रशासनाला जातात, उरलेल्यातले 25 टक्के आसनाच्या इतमामासाठी, 20 टक्के पारंपरिक परिषदेला आणि 55 टक्के जिल्ह्याच्या सभेला, हे संविधानात कलम 267 मध्ये आकड्यांसकट लिहिलंय. आसन म्हटलं की तो वाटा पुरुष प्रमुखाच्या हातात जातो. पण आसनं दोन आहेत ना. एजिसूत एक कोफी तेनेचं होतं आणि एक याआ असांतेवांचं. त्या 25 टक्क्यांत दुसऱ्या आसनाचा वाटा कायद्यानं लिहून द्या, तिच्या दरबाराच्या निकालाची नोंद ठेवायला कारकून द्या, सभागृहात मत द्या. 2024 मध्ये घानाच्या संसदेनं निर्णयाच्या पदांवर स्त्रियांचं प्रमाण वाढवण्याचा कायदा केला, त्यामुळे हे मागायला याहून चांगली वेळ नाही.

आपल्यापुरतं बोलायचं तर पुढच्या 8 मार्चला ते बंदुकीचं चित्र पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, मीही पाठवीन, बाई शूर होत्याच. फक्त खाली एक ओळ घाला, की 1894 मध्ये एजिसूचा प्रमुख कोण होणार हे यांनी ठरवलं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता.